तीन वाक्यांची दुरुस्ती

स्तनपानाविषयी पोस्टर, पुस्तिका आणि सल्ल्याची सदरं लिहिणारे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि पत्रकार यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरते. दोन मुलांची आईही आहे, पण चूक दिसली की हात शिवशिवतो तो आधीच्या नात्याने.

१६ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात नंबराची वाट बघत, दीड महिन्याच्या लेकीला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना, समोरच्या भिंतीवरचं एक पोस्टर मी इतक्या वेळा वाचलं की ते अजून तोंडपाठ आहे. त्यावर तीनच वाक्यं होती. आईचं दूध प्यायलेलं बाळ हुशार होतं. पोट भरलेलं बाळ शांत झोपतं. आईचं दूध म्हणजे परिपूर्ण आहार. खाली हसऱ्या बाळाचा फोटो.

माझं बाळ हसत नव्हतं. ते लालबुंद होऊन, मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन रडत होतं आणि हा त्याचा रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. मी ती वाक्यं जोडून वाचली. शांत झोपत नाही, म्हणजे पोट भरत नाही. पोट भरत नाही, म्हणजे माझंच दूध कमी पडतंय. आणि दूध कमी पडतंय तर हुशारीचं काय? सुटी सुटी वाचली तर तिन्ही वाक्यं निरुपद्रवी होती, पण एकाखाली एक आली की त्यांचं आरोपपत्र झालं. आरोपी कोण, हे सांगायला नको.

त्यानंतर कामाच्या निमित्ताने बाळांच्या आहारावरच्या कितीतरी पुस्तिका माझ्या हाताखालून गेल्या. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण हीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटली. मुद्रितशोधकाला मजकुराचा अर्थ बदलायची परवानगी नसते, म्हणून मी काना-मात्रा सुधारून ती पुढे पाठवत राहिले. आज ती परवानगी स्वतःच घेतेय.

आधी एक स्पष्ट करते, नाहीतर पत्र अर्ध्यातच ठेवून द्याल. मी अंगावरच्या दुधाच्या विरोधात नाही. दोन्ही मुलांना पाजलं, आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून अधिक, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मला मान्य आहे. जुलाब, फुप्फुसांचे आणि कानाचे संसर्ग यांच्यापासून मिळणारं संरक्षण एवढं एकच कारण मला पुरेसं वाटतं. माझी तक्रार दुधाविषयी नाही, तुमच्या वाक्यांविषयी आहे.

सुरुवात दुसऱ्या वाक्यापासून करते, कारण मला छळलं ते त्याने.

टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८० बाळांच्या आयांनी रडण्याची रोजची नोंद ठेवली होती. दुसऱ्या आठवड्यात ही बाळं दिवसाला साधारण दोन तास रडत. सहाव्या आठवड्यात ते पावणेतीन तासांवर गेलं आणि तिसरा महिना संपेपर्यंत बरंच उतरलं. ही आजारी किंवा उपाशी बाळं नव्हती. पावणेतीन तास ही धडधाकट बाळांची गोष्ट आहे. माझी लेक त्या दिवशी या चढणीच्या अगदी माथ्यावर होती. भिंतीवर हसऱ्या फोटोऐवजी हा आलेख असता तर मी घरी जाऊन दुधाचा डबा आणला नसता. (आणला होता. पाजलाही. रडणं तेवढंच राहिलं.)

याहून बोलका पुरावा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा आहे. त्यांच्यात रडण्याचा माथा जन्मापासूनच्या सहाव्या आठवड्यात येत नाही, तर प्रसूतीची जी मूळ तारीख होती तिथून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो. बाहेर येऊन किती दिवस झाले, पोटात किती दूध गेलं, यावर ते वेळापत्रक ठरत नाही; मज्जासंस्था किती पिकली आहे त्यावर ठरतं. आफ्रिकेतल्या कुंग लोकांमध्ये बाळ दिवसभर आईच्या अंगाशी असतं आणि तासातून कितीतरी वेळा दूध ओढतं. तिथली बाळंसुद्धा याच वयात जास्त वेळा रडतात. फरक इतकाच, की त्यांचं प्रत्येक रडणं चटकन आटोपतं. जवळ घेण्याने रडणं थोडक्यात आवरतं, पण रडण्याचं वय काही टळत नाही.

२०१२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी तीन महिन्यांच्या ३१६ बाळांच्या स्वभावाविषयी आयांना विचारलं. अंगावर पिणारी बाळं, वरचं दूध पिणाऱ्यांच्या तुलनेत, जास्त कुरकुरी, कमी हसरी आणि शांत करायला अवघड अशी नोंदली गेली. म्हणजे तुमच्या पोस्टरच्या बरोबर उलट. हे दुधाचं अपयश आहे असं संशोधकांनी म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की बाळाची भाषाच ही आहे, बाटलीतून सहज आणि भरपूर मिळालं की ती दबते, आणि आयांना खरी कल्पना आधी दिली तर त्या स्तनपान लवकर सोडणार नाहीत. जगभरात स्तनपान सोडण्यामागे सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण ‘दूध पुरत नाही’ हे आहे, आणि बहुतेकदा या समजाचा आधार वजनकाटा नसून बाळाचं रडणं असतो. तो समज तुम्हीच पोसता आणि मग आया दूध सोडतात म्हणून परिषदा भरवता.

‘शांत झोपतं’ यात आणखी एक धोका आहे आणि तो रडण्यापेक्षा मोठा आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ज्याला खरोखरच दूध मिळत नाही, ते बाळ हळूहळू शांत होतं. मागत नाही, चोखताना झोपून जातं, उठवावं लागतं. आई म्हणते, किती गुणी आहे! अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातलं सोडियम वाढलेलं बाळ असंच गुणी दिसतं, आणि त्यातून मेंदूला इजा होऊ शकते. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरणं नेहमीचं. ते दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उतरलं तर कुणीतरी समोर बसून पाजणं बघायला हवं, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवजन परत यायला हवं. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओली लंगोटं ही दूध पोचत असल्याची खूण. ती कोणत्याही आईला मोजता येते. तुमच्या वाक्यात ती नाही. तुमच्या वाक्यात आहे ते झोपेचं प्रमाणपत्र, आणि ते उपाशी बाळालाही मिळतं.

मग दुधाचा आणि वागण्याचा संबंधच नाही का? आहे. पण तो पोस्टरवर मावेल इतका सरळ नाही आणि त्याहून कितीतरी मजेदार आहे. चोखण्याने बाळाच्या आतड्यात कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्याने गुंगी येते. तुमच्या ‘शांत झोपतं’मध्ये खरं असेल तर एवढं. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. स्वतःचा दिवस-रात्रीचा ताल बाळाला साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत सापडत नाही, तोवर आई आपलं घड्याळ दुधातून उसनं देते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं उलट, ते सकाळच्या दुधात जास्त. काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, अशी सूचना त्यामुळे पुढे आली आहे. त्याने झोप सुधारतेच असं सिद्ध झालेलं नाही, पण पेन्सिलीने वेळ लिहायला काही पडत नाही.

कॅटी हाइंड या संशोधिकेने ऱ्हीसस माकडांच्या आयांचं दूध तपासलं. ज्यांच्या दुधात कॉर्टिसॉल जास्त, त्यांची पिल्लं वजनाने भराभर वाढली, पण बुजरी आणि कमी धिटाईची निघाली. पहिलटकरणींच्या दुधात हे प्रमाण अधिक होतं. त्यामागचा तर्क असा की दूध हे नुसतं अन्न नाही, तो एक निरोपही असावा: बाहेर बेताचं आहे, खेळात ऊर्जा घालवू नकोस, आधी वाढ. मला ही कल्पना फार आवडते. आणि म्हणूनच तुम्हाला हात जोडून सांगते, यावरून ‘आईच्या ताणामुळे बाळ चिडचिडं होतं’ असा मथळा करू नका. माकडांचा पिंजरा आणि माणसांचं घर यांत अंतर आहे, आणि माणसांवरचे अभ्यास अजून लहान आणि विस्कळीत आहेत. ताण घेऊ नका असं सांगून ताण गेलेली आई मला अजून भेटायची आहे.

आता पहिलं वाक्य. ‘हुशार’.

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदूचं आकारमान जवळपास दुप्पट होतं. नवजात बाळ विश्रांतीत असताना जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला निम्मा वाटा एकटा मेंदू खातो. या भुकेला दूध कसं पुरं पडतं ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. माणसाच्या दुधात प्रथिनं अवघी एक टक्क्याच्या आसपास, गाईच्या दुधाच्या एक तृतीयांश. वासराला महिन्याभरात अंगाने वाढायचं असतं, आपल्या पिल्लाला सावकाश वाढायची मुभा आहे. पण लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र सात टक्के, गाईच्या दुधाच्या दीडपट. त्यातून मिळणारं ग्लुकोज हे मेंदूचं मुख्य इंधन. स्निग्धांश साडेतीन ते चार टक्के, आणि त्यात डीएचए नावाचं लांब साखळीचं मेदाम्ल, जे मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींच्या आवरणात साठत जातं.

लॅक्टोज आणि मेद यांच्यानंतर दुधात सर्वांत जास्त असलेला घन पदार्थ कोणता, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नाही. तो बाळाला पचतच नाही. ऑलिगोसॅकराइड नावाच्या या शर्करा, दीडशेहून अधिक प्रकारच्या, आणि पहिल्या पिवळसर चिकात सर्वांत दाट. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंसाठी. आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या आत राहणाऱ्यांनाही जेवू घालते. आतड्यातली ही वस्ती रडण्याशी जोडलेली असावी असा संशय घ्यायला जागा आहे: पोटशूळाने रडणाऱ्या बाळांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक विशिष्ट जिवाणू दिल्यावर अंगावर पिणाऱ्यांचं रडणं कमी झालं, वरचं दूध पिणाऱ्यांत तसं दिसलं नाही. २०२३ साली आणखी एक पदार्थ चर्चेत आला, मायो-इनोसिटॉल. मेक्सिको सिटी, शांघाय आणि सिनसिनाटी अशा तीन दूरच्या शहरांतल्या आयांच्या दुधात तो सुरुवातीच्या महिन्यांत भरपूर आणि पुढे कमी होत जाणारा आढळला. म्हणजे चेतापेशींची एकमेकींशी जोडणी जेव्हा जोरात चालू असते, नेमकी तेव्हा त्याची रेलचेल. प्रयोगशाळेतल्या मानवी चेतापेशींत आणि उंदरांत त्याने या जोडण्या वाढवल्या.

इतकं सगळं असताना ‘हुशार होतं’ म्हणायला माझी हरकत का? कारण दुधात मेंदूला लागणारं सामान आहे हे एक विधान आहे, आणि ते प्यायलेलं मूल न प्यायलेल्यापेक्षा हुशार निघतं हे दुसरं. पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही. ते मोजावं लागतं. आणि मोजणं महाकठीण, कारण कुणाच्या बाळाला आईचं दूध मिळेल आणि कुणाच्या नाही हे नाणं उडवून ठरवता येत नाही.

बहुतेक संशोधनांत अंगावर प्यायलेली मुलं बुद्धिमापन चाचणीत काही गुण पुढे असतात, हे खरं. पण अनेक समाजांत जास्त काळ पाजणाऱ्या आया जास्त शिकलेल्या आणि बऱ्या परिस्थितीतल्याही असतात. २००६ साली जेफ डेर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५,४७५ मुलांची माहिती तपासली. सुरुवातीला साधारण चार गुणांचा फरक होता. आईची स्वतःची बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो अर्ध्या गुणाच्या आसपास उरला. एकाच आईची दोन मुलं, एक अंगावर प्यायलेलं आणि एक नाही, अशा जोड्या पाहिल्या तेव्हा ठोस फरक दिसला नाही.

हे वाचून तुमच्यातले काही जण खट्टू होतील, म्हणून दुसरी बाजूही देते. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात १९८२ साली जन्मलेल्या मुलांचा माग तीस वर्षं ठेवला गेला. तिथे तेव्हा स्तनपानाचा श्रीमंतीशी फारसा संबंध नव्हता, गरीब-श्रीमंत सगळ्याच पाजत. तरीही वर्षभर किंवा अधिक प्यायलेले, महिन्यापेक्षा कमी प्यायलेल्यांहून तिसाव्या वर्षी पावणेचार गुणांनी पुढे होते. आणि नाणं उडवण्याच्या सर्वांत जवळ गेलेला प्रयोग बेलारूसमधला. मायकल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी तिथे ३१ प्रसूतिकेंद्रं चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं, दुसऱ्यात नेहमीचंच चालू ठेवलं. १७,०४६ आया आणि बाळं. तिसऱ्या महिन्यात फक्त आईचं दूध घेणारी बाळं प्रशिक्षित गटात ४३ टक्के, दुसऱ्यात सहा. साडेसहाव्या वर्षी भाषिक बुद्धीच्या चाचणीत पहिला गट सरासरी साडेसात गुणांनी पुढे होता.

हा आकडा तुम्ही छापता. पुढचं छापत नाही. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना मूल कोणत्या गटातलं हे ठाऊक होतं. तीच मुलं सोळा वर्षांची झाल्यावर संगणकावर चाचणी घेतली तेव्हा भाषिक भागातला फरक दीड गुणाच्याही आत आला होता, बाकी भागांत म्हणण्यासारखा उरलाच नव्हता. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं: साडेसहाव्या वर्षी पालक आणि शिक्षक दोघांनीही भरलेल्या प्रश्नावल्यांमध्ये, हट्टीपणा, चंचलपणा, भीती, मैत्री यांत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. दुधाने स्वभाव घडतो असं सांगणाऱ्या सदरांमध्ये ही ओळ मी कधीच तपासायला आलेली पाहिली नाही.

मग खरं काय? माझं वाचन असं: फायदा असावा, तो लहान असावा, भाषेच्या बाजूने जास्त असावा, आणि तो दुधातल्या पदार्थांचा किती आणि पाजताना जे काही घडतं त्याचा किती, हे वेगळं करता येत नाही. पाजताना बाळाचा चेहरा आईच्या चेहऱ्यापासून बरोबर तितक्याच अंतरावर असतो जितकं त्याला स्पष्ट दिसतं. ती बोलते, ते थांबतं, पुन्हा चोखतं. २००३ साली फ्रान्समध्ये १८० नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत, रक्त घेताना अंगावर पीत असलेल्या बाळांना वेदना स्पष्टपणे कमी झाल्याचं दिसलं. ते श्रेय कोणाला द्यायचं, दुधाला, कुशीला की चोखण्याला? बाळाला या वाटणीशी काही देणंघेणं नाही. पण बाटलीने पाजणाऱ्या आईला किंवा बापाला हे सांगायला हवं, की कुशीत घेणं, डोळ्यांत बघणं आणि बाळाच्या खुणेवर थांबणं हे डब्यातून येत नाही आणि डब्याने जातही नाही.

एका ठिकाणी मात्र तुमचं वाक्य मजबूत पायावर उभं आहे, आणि नेमकं तिथे ते कुणी लिहीत नाही: अपुऱ्या दिवसांची बाळं. ॲलन लुकास यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मानंतर नळीने आईचं दूध मिळालेली अशी मुलं साडेसात-आठ वर्षांची झाल्यावर बुद्धिमापनात ८.३ गुणांनी पुढे होती, तेही आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरून. नळीने, म्हणजे कुशीचा भाग जवळजवळ वजा. तोही अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता, हे मान्य. पण या बाळांत आतडं सडण्याचा जीवघेणा आजार आईच्या दुधाने कमी होतो, एवढ्यानेच प्रत्येक थेंब मोलाचा ठरतो.

हे मला ठाऊक आहे कारण माझा मुलगा ३१ व्या आठवड्यात झाला, १ किलो ४०० ग्रॅमचा. दर तीन तासांनी मी यंत्राने दूध काढायची, कधी १० मिली, कधी पाच. आणि इथे तुमच्या तिसऱ्या वाक्याशी माझी गाठ पडली. एका सकाळी परिचारिका माझ्या दुधात एक पूड मिसळताना दिसली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ताई, एवढ्या लहान बाळाला नुसतं दूध पुरत नाही, प्रथिनं आणि कॅल्शियम वरून घालावं लागतं. ती अगदी बरोबर बोलत होती. इतक्या लवकर आलेल्या बाळाची भूक गर्भाची असते, नाळेतून मिळायची ती, आणि कोणतंही दूध नाळ नसतं. पण माझ्या डोक्यात ‘परिपूर्ण’ हा शब्द पक्का बसलेला. परिपूर्ण गोष्टीत भर घालावी लागते याचा अर्थ मी एकच लावला आणि त्या दिवशी दूध उतरलं नाही.

‘परिपूर्ण’ हा शब्द खोडाच, कारण तो दुसऱ्या दिशेनेही घात करतो. दुधातल्या काही गोष्टी आईच्या अंगात काहीही असो, बाळाला मिळतातच: लॅक्टोज, प्रथिनं, कॅल्शियम. काही मात्र आईच्या अंगात असतील तरच दुधात उतरतात. जगभरातल्या दुधाच्या नमुन्यांत डीएचएचं प्रमाण मेदाम्लांच्या ०.०६ टक्क्यांपासून १.४ टक्क्यांपर्यंत सापडलं आहे, वीसपटीहून जास्त फरक. आयोडीनचं तसंच. त्यावर बाळाचं थायरॉइड आणि थायरॉइडवर मेंदूची घडण. पाजणाऱ्या आईला रोज २५० मायक्रोग्रॅम हवं. थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची, कमतरता असलेल्या आईचं बाळ आवाज बसेपर्यंत रडतं आणि हृदय बंद पडून दगावू शकतं. आणि बी-१२! आईच्या अंगात ते नसेल, आणि प्राणिज अन्न अजिबात न घेणाऱ्या आईत ते बहुधा कमी असतं, तर फक्त अंगावर पिणारं गुटगुटीत बाळ काही महिन्यांनी मलूल होतं, हसणं विसरतं, मान धरायला लागलेलं असून सोडतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेत ओळखलं तर इंजेक्शनाने काही दिवसांत डोळ्यांत चमक परत येते. उशीर झाला तर सगळं भरून येईलच असं नाही. दुधाचा वागण्याशी आणि मेंदूशी इतका थेट, इतका रोखता येण्याजोगा संबंध दुसरा नसेल, आणि तो तुमच्या पुस्तिकेत नाही, कारण परिपूर्ण गोष्टीत कमतरता असू शकत नाही!

लोहाची गंमत वेगळी. ते दुधात कमीच असतं आणि आईने गोळ्या घेतल्या तरी दुधात फारसं वाढत नाही. बाळ जन्मतःच शिधा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. नाळ कापायला मिनिटभर थांबलं तर शिध्यात भर पडते. त्यानंतर वरच्या अन्नात लोह हवंच. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकात दाखवलं की लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेली बाळं आईला चिकटून राहतात, कमी खेळतात, नव्या गोष्टीकडे जायला कचरतात. पुन्हा तेच, शांत बाळ. आणि ड जीवनसत्त्व दुधात इतकं थोडं असतं की ते थेंबांनी द्यायला तुम्हीच दवाखान्यात सांगता. भिंतीवर परिपूर्ण आणि चिठ्ठीवर थेंब, हे कोडं बाळंतिणीने सोडवायचं.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. पोस्टर छोटं असतं, लोकांना बारकावे नको असतात, आणि समोर डबेवाल्या कंपन्या आहेत ज्या ‘मेंदूच्या विकासासाठी डीएचएयुक्त’ असं ठळक छापतात. हे शेवटचं खरंच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळांच्या दुधात डीएचए घालून बुद्धी वाढते असं चाचण्यांत सातत्याने दिसलेलं नाही, तरी ते छापतात. १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातींवर संहिता केली ती याच वृत्तीमुळे. पण बुद्धीचा बागुलबुवा त्यांच्याकडून उसना घेऊन त्यांच्याशी लढता येईल असं मला वाटत नाही. त्या खेळात त्यांचे पैसे जास्त आहेत. आईला एकदा पटलं की दूध म्हणजे हुशारीचं औषध, मग औषध कमी पडतंय असं वाटताच ती डब्याकडेच वळते. मी वळले होते.

तेव्हा माझ्या दुरुस्त्या. पहिल्या वाक्यातलं ‘हुशार होतं’ काढा. ‘आईच्या दुधात मेंदूच्या वाढीला लागणारं बरंच काही असतं, आणि संसर्गापासून ते बाळाला जपतं’ एवढं लिहा, जागा तेवढीच लागते. दुसरं पूर्ण खोडा. त्या जागी ‘सहाव्या आठवड्यापर्यंत रडणं वाढतं, मग उतरतं, दूध पुरतं का ते वजन आणि ओली लंगोटं सांगतात, न मागता झोपून राहणारं बाळ दाखवायला आणा’. तिसऱ्यात ‘परिपूर्ण’च्या ऐवजी ‘पहिले सहा महिने बहुतेक बाळांना पुरेसा’ असं करा आणि पुढे एक ओळ जोडा: ‘आईचं बी-१२ आणि आयोडीन तपासून घ्या, बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या’. हसऱ्या बाळाच्या फोटोशेजारी एक रडणारंही छापा. छान दिसतात तीही.

नवी आवृत्ती काढाल तेव्हा कच्ची प्रत माझ्याकडे पाठवा, मी पैसे न घेता तपासून देईन. आणि बाकी काही बदलायला वेळ लागणार असेल तर निदान एक गोष्ट लगेच करा. त्या पोस्टरवर दोन्ही ठिकाणी ‘दुध’ छापलंय. ‘दुधात’, ‘दुधाने’ ऱ्हस्व. एकटं असलं की ‘दूध’ दीर्घ.

आपली,
एक मुद्रितशोधक